वाघबारशीचा दगड

एखादं गाव जवळ आलं, पहिला गोठा किंवा पहिलं कुंपण दिसलं, की सुलभाताई सायकलवरून उतरत. उतार असो की डोक्यावर ऊन, सायकल हातात धरून त्या गावातून चालत जात आणि शेवटचं घर मागे पडल्यावरच पुन्हा सीटवर बसत. मुरबाडच्या पुढे घाटाच्या पायथ्यापर्यंत वाड्या-पाडे इतके, की त्यांच्याबरोबर निघालेल्या माणसाचा बराचसा प्रवास पायीच होई. माझ्या पहिल्याच फेरीत तिसऱ्या पाड्याला मी वैतागून विचारलं, रस्ता मोकळा आहे, मग उतरायचं कशाला? त्या म्हणाल्या, "घाई असेल तर एसटीनं ये."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. ठाण्यात खोपटला आमची विम्याची कचेरी होती आणि तिथे माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं. साहेबांनी एखाद्या फायलीसाठी दोनदा निरोप पाठवला, की त्या शिपायाला शांतपणे सांगत, "घाई असेल तर एसटीनं पाठवते म्हणावं." साहेब ऐकून हसत, कारण फाईल त्याच संध्याकाळी त्यांच्या टेबलावर असे आणि तिच्यात एकही चूक नसे.

मी त्यांना ओळखू लागले तेव्हा ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं आणि त्या चाळिशीच्या होत्या. काटक अंगाच्या, जाड भिंगाच्या चष्म्याच्या. लग्न केलं नव्हतं. विठ्ठलवाडी स्टेशनच्या अलीकडे दोन खोल्यांत एकट्या राहत. रविवारी पहाटे सलवार-कमीज घालून, ओढणीची कमरेला गाठ मारून त्या काळी लेडीज सायकल जिन्यावरून खाली उतरवू लागल्या, की शेजारच्या बाई दारातून म्हणत, "निघाली आमची टपालवाली. आज कोणाची पत्रं?" सुलभाताई उत्तर देत, "डोंगराची."

ते अगदीच खोटं नव्हतं. त्यांनी भूगर्भशास्त्रात एमएस्सी केलं होतं, पहिल्या वर्गात. नोकरीच्या मुलाखतीत मात्र त्यांना दगडांविषयी कोणी काही विचारलंच नाही. जंगलात तंबूत राहावं लागेल, बायकांना ते जमायचं नाही, असं सांगून चहा पाजून परत पाठवलं. मग त्या विमा कचेरीत लागल्या, पहिल्या पगारातून सायकल घेतली आणि तंबूशिवाय जमतं का ते पाहायला निघाल्या.

मी डोंबिवलीहून पहाटे निघून कल्याणला त्यांना गाठायची. मला सायकल जेमतेम येत होती आणि दगड म्हणजे दगड एवढंच ठाऊक होतं. राखीव जंगलाचा फलक ओलांडला, साग आणि ऐन सुरू झाले, की त्या समोरच्या कड्याकडे बोट दाखवत. कड्यावर आडव्या रेघा दिसत. "एक लाव्हा आला, पसरला, निवला," त्या सांगत. "मग मधे शांतता. कधी वर्षभर, कधी हजारो वर्षं. मग दुसरा आला आणि त्याच्यावर पथारी टाकून झोपला. आपण त्या पथाऱ्या मोजतोय." मी मोजायची. माझा आकडा कधीच जुळत नसे. त्या म्हणत, पुढच्या वेळी जुळेल, कडा कुठे जात नाही.

ती गावंही जुनी होती. घाटातून बैलांचे तांडे उतरत त्या काळातली. कुठे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं, ज्याचं पाणी बायका अजून भरतात. कुठे मारुतीच्या देवळामागे कललेले वीरगळ आणि त्यांच्यावर वाळत घातलेली गोधडी. सुलभाताई गोधडीला हात लावत नसत. जिची गोधडी तिला हाक मारत आणि जरा बाजूला घ्याल का म्हणून विचारत. मग ती बाईही वाकून बघे आणि आपल्याच परसातल्या दगडावर गाई कोरल्या आहेत, त्या सोडवताना कोणीतरी मेलाय, हे तिला पहिल्यांदा कळे.

एकदा टाकेवाडी नावाच्या वाडीत त्यांनी गावात पायी शिरण्याचं कारण सांगितलं. मी त्यांच्याबरोबर जाऊ लागले त्याच्या काही वर्षं आधीची गोष्ट. तेव्हा त्यांच्या कमरेला हातोडी असायची. एका रविवारी सायकल ओढ्याकाठी टाकून त्या जंगलाच्या अंगानं वर चढल्या. झाडीत छातीएवढा एक उभा दगड दिसला, अंगभर पोकळ्या आणि प्रत्येक पोकळीत पांढरे स्फटिक. त्यांनी हातोडी मारली. मुठीत मावेल एवढा तुकडा निघाला. तो उजेडात धरून बघत त्या दगडाच्या पुढच्या बाजूला आल्या, तर समोर शेंदूर, नारळाच्या करवंट्या आणि थिजलेल्या पणत्या. तो टाकेवाडीचा वाघोबा होता. पलीकडे वीस पावलांवर वाडी होती.

"मी मागून आलेले ना," त्या मला म्हणाल्या. "पुढून आले असते, तर कळलं असतं."

तुकडा पिशवीत टाकून निघून जाता आलं असतं. त्या तो हातात घेऊन वाडीत गेल्या. पुरुष चिडले, एकानं हातोडी हिसकावून घेतली. तेवढ्यात हिराबाई नावाची एक बाई पुढे आली. तिचा नवरा वाघोबाची पूजा करायचा. तिनं तुकडा हातात घेऊन वजन केल्यासारखा वरखाली केला आणि म्हणाली, तुटलेला आता देवाला चिकटायचा नाही आणि इथं टाकून द्यायचाही नाही. तू तोडलास, तूच सांभाळ. पण दर वाघबारशीला त्याला देवाच्या भेटीला आणायचा.

आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर वसुबारस असते. त्याच दिवशी त्या रानात वाघबारस असते, वाघोबाच्या पूजेची. सुलभाताई देवाला हात जोडत नसत, पण शब्द दिला की दिला. तुकडा खणाच्या कापडात गुंडाळून सीटमागच्या चामडी पिशवीत, पान्याशेजारी, कायमचा राहिला. हातोडी त्यांनी परत मागितली नाही. दर वाघबारशीला त्या रजा टाकत, टाकेवाडीला जात, तुकडा मोठ्या दगडाशेजारी ठेवत, हिराबाईकडे नाचणीची भाकरी खात आणि मुक्काम करून दुसऱ्या दिवशी तो घेऊन परत येत.

मी त्यांच्याबरोबर इतर दिवशी खूप फिरले. वाघबारशीला मात्र एकदाही गेले नाही. लग्न झालं होतं, घरात सासूबाई, दीर, नणंदा, आणि चकल्या माझ्याकडे असत. माझ्या चकल्यांना काटे छान येतात, असा घरात लौकिक होता. सुलभाताई दरवर्षी एकदाच विचारत. मी म्हणायची, पुढच्या वर्षी नक्की. त्या म्हणत, "बरं. तुम्ही गाईची बारस करा, मी वाघाची करते."

मग नव्वदच्या दशकातल्या एका पावसाळ्यात त्या जिन्यातच बसल्या. हृदयाची झडप खराब झाली होती. सायकल बंद, जिनाही दिवसातून एकदाच. त्या कचेरीत येत राहिल्या, पण फाईल उचलताना थांबत. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात त्या माझ्या टेबलाशी आल्या. कापडात गुंडाळलेला तो तुकडा हातात होता.

"वाघबारशीला टाकेवाडीला जायचंय," त्या म्हणाल्या. "या वेळी एसटीनं जाऊ या का? तू बरोबर असलीस तर जमेल."

मला आठवतं, माझ्या डोक्यात भाजणी होती. दळून आणायची राहिली होती. मी म्हटलं, ताई, तब्येत सांभाळा, पुढच्या वर्षी आपण दोघी सायकलवर जाऊ. मला वाटलं, मी त्यांना धीर देतेय. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "बरं," म्हणाल्या. तुकडा पुन्हा पर्समध्ये ठेवला.

इतकी वर्षं मी ते वाक्य ऐकत होते. घाई असेल तर एसटीनं. त्यांना घाई होती, हे त्यांनी मला त्यांच्याच शब्दांत सांगितलं आणि मी भाजणी दळायला गेले.

पौषात त्या गेल्या. दहाव्याच्या दिवशी त्यांच्या भावानं मला सायकल घेऊन जायला सांगितलं, दुसरं कोणी चालवणारं नव्हतं. चामडी पिशवीत पाना होता, पंक्चरचं सामान होतं आणि खणात गुंडाळलेला दगड होता. म्हणजे तो त्यांनी पुन्हा तिथेच ठेवला होता.

पुढच्या वाघबारशीला मी गेले. चाळिशीला टेकलेले, दमत दमत गेले. प्रत्येक पाड्याला उतरले. टाकेवाडीत शिरताना सायकल हातात होती. हिराबाई अंगणात सूप घेऊन बसली होती. म्हातारी झाली होती. तिनं आधी सायकल ओळखली, मग माझ्या मागे रस्त्याकडे बघितलं.

"एकलीच? बाय कुठं हाय?"

मी सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "मागल्या साली वाट बघितली. भाकर झाकून ठेवलेली."

मी तिला खरं तेच सांगितलं. त्या यायला निघाल्या होत्या, माझ्यामुळे राहिलं. मी घरी चकल्या करत होते. ती रागावेल असं वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठली आणि मला वाघोबाकडे घेऊन गेली. मी तुकडा मोठ्या दगडापाशी ठेवला. मग विचारलं, आता हा इथेच राहू दे का? तोडणारीच गेली, देवाचं मागणं संपलं असेल.

हिराबाई हसली. "देवानं कुठं मागितला? हा सगळा डोंगर त्याचाच हाय, येवढ्या खड्यानं त्याला काय होतंय? शहराची माणसं येतात, बघतात, जातात. ती खडा घेऊन माघारी आली, लपवला नाही. मला वाटलं, ही बाय परत यावी. म्हणून तसं बोलले."

"ताईंना ठाऊक होतं?"

"तिसऱ्या सालीच बोलली मला. हिरा, तू मला फसवलंस. तरी येत व्हती."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना तिनं तुकडा स्वतः खणात गुंडाळला, पिशवीत पान्याशेजारी ठेवला आणि पट्टा ओढून बसवला. पुढच्या सालचं तिनं काही विचारलं नाही. शेवटचं घर येईपर्यंत माझ्याबरोबर चालत आली. घर मागे पडलं, मी सायकलवर बसले आणि वळणावरून पाहिलं, तर ती तिथेच उभी होती.

त्याला आता काही वर्षं झाली. कड्याचे थर मी अजून चुकीचे मोजते. आणि वसुबारशीला आमच्या घरी चकल्या विकतच्या येतात. सासूबाई म्हणतात, काटे बरे आहेत, पण आपल्यासारख्या नाहीत. मी म्हणते, खरं आहे.