माजघरातली गोल जागा

दुसरी मोठी लढाई अजून चालू होती तेव्हा मला मुंबईत एक विचित्र काम मिळालं. भांडी आणि चुली बनवणाऱ्या एका कंपनीला प्रदर्शनात मांडायला लढाई संपल्यानंतरच्या खेड्यातल्या घराचं चित्र हवं होतं. अजून निघालीच नाहीत अशी यंत्रं मनाने रचायची आणि त्या घरात मांडायची. चित्र पसंत पडलं तर नोकरी कायम, नाहीतर दुकानांच्या पाट्या रंगवणं नशिबी होतंच.

मी मुळात संशयी. माझी कल्पना कोणीतरी उचलणार या धास्तीने मी खोलीतल्या सोबत्यालाही कागद दाखवत नसे. खालापूरकडच्या गावांत घरं मोजायला गेलो, तेव्हा "कशापायी मोजता?" असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं, "काम आहे." लेव्हीचे दिवस होते, सरकार घराघरातून भात उचलून नेत होतं, आणि मी पाटलोण घालून, हातात टेप घेऊन हिंडत होतो. एवढी साधी गोष्ट माझ्या शहाण्या डोक्यात शिरली नाही. उलट मलाच लोकांचा संशय यायचा. साजगावात पडवीत पाय ठेवला की आत कुजबुज, धावपळ, आणि मग जरा जास्तच गोड आवाजात "या, बसा". काहीतरी दडवतायत हे कळत होतं. मला वाटायचं, गरिबी दडवतायत.

एक गोष्ट मात्र मी वहीत मोठ्या कौतुकाने टिपली. जवळजवळ प्रत्येक माजघरात एका बाजूला एक गोल जागा, नुकतीच सारवलेली, अजून ओली, आणि रिकामी. कुंभिवलीला मी आक्काकडे, माझ्या थोरल्या बहिणीकडे उतरलो होतो. तिच्याकडेही तीच. चार दिवस ती मला नाचणीची भाकरी वाढत होती. या लोकांना गोल करून बसायला आवडतं असा शोध मी लावला आणि चित्रात त्या जागी गोल टेबल काढलं. शेजारी बटणावर पेटणारी चूल, धूर ओढून नेणारा पंखा, कोपऱ्यात भात कांडून सडायचं विजेचं यंत्र.

निघायच्या सकाळी, का कोण जाणे, चित्र आक्काला दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं.

"सडायला यंत्र हाय," ती म्हणाली, "पन सडायचं काय? भात कुठं ठेवायचा रं?"

"तुझ्या घरात तरी कुठं आहे?"

ती उठली. मग पुढचं दार लावून घेतलं आणि मागच्या दाराने मला गोठ्यामागे नेलं. रचलेल्या पेंढ्यातून तिने दोन भारे उपसले. आत कणगी होती, भाताने काठोकाठ भरलेली.

"ती गोल जागा हिची. तू टेप घेऊन आलास तवा सगळ्या गावानं कणग्या हलवल्या. आमी बी. तुझं दाजी म्हनाले, भाऊ तुझा असंल, पन टेप कुनाची हाय?" तिचे डोळे भरले. "सख्ख्या भावाला चार दीस भात नाय घातला मी."

मला भयंकर राग आला, तिचा नव्हे, माझाच. एका वाक्यात सांगून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं! दार लावलेल्या घरात तिने भात रांधला आणि मी ताटावर बसायच्या आधी टेबल खोडलं. मागची भिंत चांगली तीन हात जाड केली, आत पोकळी ठेवली. तिने कागदावर बोट ठेवून विचारलं, "हितं मावंल ना कणगी?" मावेल म्हटलं. तेव्हा कुठे ती हसली.

मुंबईत साहेबांना सगळं पसंत पडलं, ती भिंत सोडून. "एवढी जाड कशाला?"

प्रदर्शनाला सरकारी अधिकारी येणार होते. खरं सांगायची सोय नव्हती.

"ऊन अडवायला," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. विश्वास बसला नव्हता. "विटा फुकट जातात. बारीक करा, मग सही करतो."

मी तिथेच, त्यांच्या टेबलापाशी उभ्या उभ्या, ती बारीक केली. नोकरी कायम झाली. पुढे कितीतरी वर्षं मी उद्याची घरं काढून पोट भरलं.

प्रदर्शन बघायला यायचा आक्काने फार हट्ट धरला होता. गर्दी असते, तुला झेपायचं नाही, असं सांगून मी तिला आणलंच नाही.

"पन आपली भिंत हाय ना रं त्यात?" तिने विचारलं.

"आहे," मी म्हणालो, आणि तिला माझा जराही संशय आला नाही.