शिपायाचा संगणक

“मी पुसलंतं, मोडलं न्हवतं.”

हे वाक्य पारिसा आयुष्यात एकदाच बोलला. १९८८ साली, निपाणीतल्या एका हायस्कुलात, मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर उभा राहून. कुणी ऐकून घेतलं नाही. त्याच्या मुलीला, त्रिशलाला, ते वाक्य आईकडून कळलं.

पारिसा तेव्हा प्रयोगशाळेचा शिपाई होता. एका माजी विद्यार्थ्यानं विलायतेहून शाळेला छोटा संगणक पाठवला होता. रबरी बटणांचा, टीव्हीला जोडायचा. निपाणीत तंबाखूची धूळ कशातही शिरते. लोक घड्याळापासून देवापर्यंत सगळं ओल्या फडक्यानं पुसतात. एका शनिवारी पारिसानंही संगणकाचं झाकण उघडून आतला बोर्ड पुसला, उन्हात वाळवला, स्क्रू पिळले. सोमवारी विज्ञानाच्या नागेंद्र सरांनी वर्गासमोर बटण दाबलं. पडदा काळा. पारिसाची रवानगी प्रयोगशाळेतून घंटेवर झाली. निवृत्त होईपर्यंत तो घंटा वाजवत होता, आणि पोरं पाठीमागून ‘काम्पुटर आण्णा’ म्हणत होती.

निवृत्त झाल्यावर पंधरा दिवसांत त्यानं तोच बोर्ड घरी बनवायला घेतला. शाळेतलं यंत्र कधीच भंगारात गेलं होतं. जगातल्या हौशी लोकांनी त्या बोर्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो इंटरनेटवर ठेवलेत. बेळगावजवळच्या मच्छे गावात कारखान्यात नोकरी करणाऱ्या त्रिशलानं ते मापात छापून आणले. तांबं चढवलेली पाटी घ्यायची, गुळगुळीत कागदावरची छपाई इस्त्रीनं तिच्यावर उमटवायची, मग पाटी रसायनात बुडवायची. उघडं तांबं विरघळतं. छपाईखालच्या रेषा उरतात.

“पाटीला परीटघडी घालताय व्हय?” अक्काताईनं, त्याच्या बायकोनं, विचारलं. “माझ्या साडीवरनं कधी इस्त्री फिरवली न्हाईसा.”

“साडी जळंल गं.”

“आन् ह्ये?”

“ह्ये जळलं तर दुसरं करतो.”

वापरलेलं रसायन गटारीत ओतायला तो तयार नव्हता. गटारीत जीव असतात. कॅनमध्ये भरून परसात ठेवायचा. बघता बघता सहा कॅन झाले. पहिली पाटी वाया गेली. खालच्या बाजूचा फोटो त्यानं आरशासारखा न उलटवता छापला होता, आणि ते ध्यानात आलं शेकडो भोकं पाडून झाल्यावर. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या खेपेला चारी कोपऱ्यांत टाचण्या टोचून त्यानं दोन्ही बाजू जुळवल्या. जुन्या चिपा बेंगळुरूहून आल्या, मेलेल्या यंत्रांतून उपसलेल्या. डोळ्याला भिंग लावून तो चिपांच्या एकेका पायाला डाग देत राहिला. दीड वर्ष गेलं.

“आप्पा, पण कशासाठी?” त्रिशलानं एकदा विचारलंच.

“सरांच्या देखत पुसायचंय. मरतंय का बघू.”

नागेंद्र सर आता मच्छेजवळच्याच पिरनवाडीत मुलाकडं राहत होते. त्रिशलानंच त्यांना तिथल्या औषधाच्या दुकानात पाहिलं होतं. एका रविवारी सकाळी ती पारिसाला घेऊन गेली. वाटभर तिला एकच घोर होता. पडदा काळाच राहिला, तर आप्पांनी उरलेले दिवस कशावर काढायचे?

“ये रं पारिसा! म्हातारा झालास की.”

“तुमच्या मागनंच येतोय, सर.”

टीपॉयवर वर्तमानपत्र पसरून त्यानं बोर्ड मांडला. टीव्हीला वायर जोडली. चॅनेल शोधायला वेळ लागला; मग मुंग्या विरल्या, पडदा पांढरा झाला आणि तळाशी कंपनीच्या नावाची एक ओळ आली. सरांनी लहान पोरासारख्या टाळ्या वाजवल्या.

पारिसानं प्लग काढला. सरांच्या सुनेकडं, पूर्णिमाकडं, तांब्याभर पाणी मागितलं. फडकं भिजवलं, पिळलं आणि बोर्ड या कडेपासून त्या कडेपर्यंत पुसला, दोन्ही अंगांनी. गॅलरीतल्या उन्हात ठेवला. तासभर सगळे बसून राहिले. चहा झाला.

मग त्यानं पुन्हा प्लग लावला.

पांढरा पडदा. तळाशी तीच ओळ.

त्रिशलानं सरांकडं पाहिलं. सर पडद्याकडंच बघत होते.

“मला ठाऊक होतं,” ते सावकाश म्हणाले. “चौथ्या दिवशीच. त्या सोमवारी मूळचा अडॅप्टर बंद पडला होता, म्हणून मी बाजारातनं रेडिओचा आणला होता. पिन बसली, लावला. त्याची वीज उलटी, बोर्ड त्यानंच जळला. दुकानदारानंच नंतर सांगितलं.”

“मग बोलला का न्हाईसा?” त्रिशलाचा आवाज चढला.

“तोवर ह्याची बदली झाली होती बाई. वाटलं, घंटेचं काम काय वाईट? हलकं. त्रास न्हाय.” ते पारिसाकडं वळले, आणि त्यांचा चेहरा खुलला. “पण काय बनवलास रं! शाळेला देऊ या. काचेच्या कपाटात. खाली तुझं नाव घालू. मी स्वतः येऊन सांगतो सगळ्यांना.”

पारिसा पडद्याकडं बघत होता. खाली वाकून त्यानं प्लग काढला. वायर हाताभोवती गुंडाळू लागला. दोन वेढे झाले आणि हात थांबले. ती तशीच टीपॉयवर ठेवली.

“बस रं, जेवून जा,” सर म्हणाले.

तो उठला. दाराशी चपला पायात सरकवल्या. “आप्पा?” त्रिशलानं हाक मारली, बोर्डावर हात ठेवून, उचलावा की नको हे न कळून.

तोवर तो फाटकाबाहेर पडला होता.