चिमा घोवाचं नाव घेते

चिमा पाष्टेच्या तोंडाला देवरूखकडच्या डोंगरातल्या सगळ्या वाड्या वचकून असत. कुणाची म्हैस, कुणाची सून, सरपंचाचं धोतर, तिने कशाला म्हणून सोडलं नव्हतं. लग्नाला तीस वर्षं झाली, तरी एकच शब्द त्या तोंडातून कधी बाहेर पडला नव्हता, तो म्हणजे घोवाचं नाव. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं तिची आवस, म्हणजे आई, सांगून गेलेली. म्हणून भागोजीला ती 'अवो' म्हणायची. खालच्या वाडीत आणखी एक भागोजी होता, त्याला 'आमच्यांच्या नावाचा' म्हणायची.

तिचा भागोजी मुंबईला गिरणीत होता. संपाला वर्ष उलटलं तसा तो गावी येऊन पडवीत बसला, आणि संप कसा करावा यावर दिवसभर बोलू लागला. पाणी मात्र चिमा आणि सून काशी भरायच्या. हंडा उचलणं हे बाप्यांचं काम नव्हे, याबद्दल संपवाल्याचंही दुमत नव्हतं.

वाडीची विहीर शिमग्यालाच तळ दाखवायची. मग वरचा झरा. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी सरळ झऱ्यावर जायची. त्या वर्षी वनखात्याने उतारावर काजू लावला आणि काटेरी तार ओढली, ती बरोब्बर पाखाडीच्या मधून. आता झऱ्यावर जायचं तर अख्ख्या डोंगराला वळसा. काशीला सातवा महिना. एका सकाळी ती त्या वळशावर घसरली. हंडा गडगडत खाली गेला, आणि काशी करवंदीच्या जाळीला लोंबकळत राहिली. पोट वाचलं. चिमाने तिच्या हातातले काटे काढले, आणि त्या दिवशी ती कुणालाही काही बोलली नाही. वाडी घाबरली ती त्यामुळे.

पाखाडी मोकळी करा म्हणून वनखात्याकडे तीन अर्ज झाले. तिन्हींना एकच उत्तर आलं, 'विचाराधीन'.

"कायदा मोडायचा तर लपूनछपून नाय मोडायचा," भागोजी पडवीतून सांगत होता. त्याच्या डोक्यात गिरणीच होती. "आगाऊ नोटीस द्यायची. हात उचलायचा नाय. पकडलं तर निमूट जायाचं."

चिमा तांदूळ निवडत होती. "पकडून नेल्यावर थयं पानी कोन भरतं?"

"सरकार भरतं की!"

"मंग बराच हाय तुमचा कायदा."

तिने त्याच्याकडूनच दोन पोस्टकार्डं लिहून घेतली आणि खाली आपला अंगठा उठवला. एक वनखात्याला, एक पोलीस ठाण्याला. 'सोमवारी सकाळी आमी एकतीस बायका तार ओलांडून पाणी भरणार. कृपया वेळेवर हजर राहावे.'

सोमवारी त्यांनी तारेवर गोणपाटं टाकली आणि कासोटा खोचून एकेक जण पलीकडे गेली. काशीला चिमाने घरीच ठेवलं होतं. तार तोडायची नाही, गार्डाला शिवी द्यायची नाही, काजूचं पान तोडायचं नाही, हे चिमाने सगळ्यांना बजावलेलं. वर तिने आपल्या मनाचं एक कलम घातलेलं, येताना प्रत्येकीने एका सुकल्या रोपाला तांब्याभर पाणी घालायचं.

महिपत गार्ड कोल्हापूरकडचा. तो वही काढून उभाच राहिला. "बाई, हे पाणी का घालताय?"

"तुज्या सायबाची पोरं सुकली, बाबा. तुमास्नी काय दयामाया हाय का नाय?"

रोपांना पाणी घालणं कुठल्या गुन्ह्यात बसवायचं, हे महिपतला सुचेना. त्याने हंडे जप्त केले. तशा एकतीस जणी हंड्यांशेजारी फतकल मारून बसल्या. हंडे अटकेत तर आमीपण अटकेत!

जीप आली. तिच्यात आठ जणी मावत होत्या. "सगळ्यांस्नी एकदम न्या, नायतर चालत येतांव," चिमा म्हणाली. शेवटी बायका पुढे गाणी म्हणत चालल्या, आणि मागून पोलिसांची जीप, वरातीतल्या म्हाताऱ्या बैलासारखी.

ठाण्यात सखाराम हवालदाराने कागद ओढला. "नाव?"

"चिमा."

"नवऱ्याचं?"

चिमाने पदर तोंडाला लावला. मागच्या तीस जणी खुसखुसल्या.

"अहो बाई, हे ठाणं आहे!"

"म्हनून काय आयुष्य घटवू त्येंचं? उखान्यात घेते म्हनाल तर घेते."

"घ्या बाई, कशातही घ्या."

"सरकारच्या काजूला तारेचा काटा, धन्यांचं नाव घेईन, आधी मोकळ्या करा वाटा!"

हवालदाराने ते मान खाली घालून सगळं लिहिलं, आणि मग पेन थांबलं. "यात नाव कुठाय?"

"आधी वाटा मोकळ्या करा म्हटलंय नव्हं?"

दुसरी पुढे आली. "देवरूखच्या ठाण्यात पंख्याचा वारा, धन्यांचं नाव घेते, आधी सोडा झरा!" दुपारपर्यंत हवालदाराने अकरा उखाणे उतरवून घेतले. नवरा एकही सापडला नाही. दारात भागोजी भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन उभा होता.

"तू रे कोण? हिचा नवरा काय?"

चिमाने डोळे वटारले. भागोजीने गाठोडं पोटाशी धरलं. "मी भाकऱ्या घेऊन आलेला मानूस."

"कोणाच्या भाकऱ्या?"

"सगळ्यांच्याच, सायेब."

तिसऱ्या प्रहरी वैतागून हवालदाराने तीस जणींना समज देऊन सोडलं, आणि पोस्टकार्डावर जिचा अंगठा होता त्या चिमाला दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं केलं.

मॅजिस्ट्रेट वयस्क होते, शांत होते. चिमाने उखाण्यासाठी घसा खाकरला तसा त्यांनी हात वर केला. "बाई, आरोपीचं पुरतं नाव नसेल तर हा कागद परत जाईल. तुम्ही घरी जाल. पण पाखाडीबद्दल तुमचं म्हणणंही मग कुठे लिहिलं जाणार नाही."

चिमाने मागे वळून पाहिलं. मागच्या बाकावर भागोजी गाठोडं मांडीवर घेऊन बसला होता. तिच्या डोळ्यांपुढे करवंदीच्या काट्यांनी फाटलेले काशीचे तळवे आले. आवशीची मनातच माफी मागून, जत्रेत हाळी द्यावी तशा आवाजात ती म्हणाली, "चिमा भागोजी पाष्टे!"

भागोजीचे कान लाल झाले. तो उगाचच उठून उभा राहिला.

"आता बोला," मॅजिस्ट्रेट म्हणाले. चिमा बोलली आणि ते सगळं कागदावर चढलं. गुन्हा कबूल, म्हणून शिक्षाही झाली, कोर्ट उठेपर्यंत कैद. चिमा पंख्याखाली बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा दिवसाढवळ्या झोपली.

त्या कागदावरून मामलेदारांनी गावचा नकाशा मागवला. पाखाडी नकाशात होती. पंधरा दिवसांत महिपत गार्डानेच तार कापून चार हातांची वाट करून दिली. वाडीतल्या म्हाताऱ्यांनी मात्र चिमाला बोल लावले. घोवाचं नाव घेतलं, तेही परक्या बाप्यासमोर!

वाट उघडली त्या सकाळी काशी हंड्याकडे वाकली. चिमाने तो तिच्या हातातून काढून घेतला आणि पडवीत आली. भागोजी दोन शेजाऱ्यांना संप समजावून सांगत होता.

"भागोजी!"

शेजाऱ्यांच्या हातातल्या बिड्या थांबल्या.

"आता एकदा घेतलंच हाय तर कशाला लाजू? आयुष्य काय घटायचं ता घटलं." तिने हंडा त्याच्या मांडीवर ठेवला. "ऊठ, भागोजी. काशीचा हंडा आजपासून तुजा. वाट सरळ हाय."

भागोजीने शेजाऱ्यांकडे पाहिलं, हंड्याकडे पाहिलं, आणि चिमाच्या तोंडाकडे. मग हंडा काखेला लावून, हात न उचलता, निमूट, तो झऱ्याकडे निघाला.