ओढा जिथं मुरतो

लढाईत मी बंदुकीपेक्षा फावडं जास्त चालवलं. आमची पलटण आफ्रिकेच्या वाळवंटात होती आणि मी साधा शिपाई. आज तळ इथं, उद्या तिथं, आणि जिथं तळ तिथं आधी मोर्चे खणायचे. हाताला घट्टे पडले, पण खरं सांगतो, त्या खणण्यातच मला एक दिवस असा आनंद झाला की सोबतच्यांना वाटलं, गड्याला ऊन लागलं.

झालं होतं असं. एका उघड्या डोंगराच्या पायथ्याशी, कोरड्या नाल्याच्या तोंडापाशी आम्हाला खणायला लावलं. वर दगडगोटे अगदी फरशी घातल्यासारखे बसलेले. ती फरशी पहारीनं उचकटली की खाली मोकळी वाळू आणि खडे. हातभर खणावं तर दीड हात आत घसरून यावं. शेजारी तासगावकडचा एक गडी होता, काळ्या रानातला. तो वैतागून म्हणाला, "ह्यो काय रान हाय व्हय रं? वर दगड, खाली रवा!"

मी फावडं टाकलं आणि हसतच सुटलो. "गड्या, ही तर आमच्या घरामागची जमीन हाय!"

माण भागात आमची वस्ती. पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखणारं घर, अलीकडं जरा शेती करू लागलेलं. वस्तीमागं डोंगर, डोंगरात एक घळ आणि घळीतून येणारा ओढा. तो ओढा बाहेर पडला की त्याचं पाणी दोन-तीन शेतांपलीकडं कधी जायचंच नाही. कुठं जायचं, हे कुणी विचारलं नव्हतं. आमचा दगड काळा, तिथला पिवळट पांढरा. पण जमिनीचा स्वभाव तोच.

दुसऱ्या दिवशी पहाऱ्यासाठी मला डोंगरावर पाठवलं. वरून खाली बघितलं आणि उभाच राहिलो. नाल्याच्या तोंडापासून ती सगळी जमीन सुपासारखी पसरत गेली होती. तोंडाशी अरुंद, खाली रुंद. तोंडाशी म्हशीएवढे धोंडे, मग नारळाएवढे, मग सुपारीएवढे, आणि पार खालच्या कडेला पिठासारखी माती. पाखडून ठेवल्यागत! आणि सफरमैनाचे, म्हणजे फौजेसाठी रस्ते-विहिरी करणारे लोक पाण्यासाठी विहीर खणत होते ती डोंगराजवळ नव्हे, त्या खालच्या कडेला.

पहारा संपल्यावर मी पळत तिकडं गेलो. त्यांचा हवालदार कोल्हापूरकडचा निघाला. मी विचारलं, "हवालदार, पाणी डोंगरात आणि तुमी खणताय हितं?"

तो म्हणाला, "वर धोंडं मोठी, त्यात पाणी थांबतंय व्हय? आत शिरतं आन् खालनं सरकत येतं. हितं माती बारीक झाली. पुढं जायला वाट न्हाई, मग काय करंल? वर चढंल."

तीन दिवसांनी त्यांना पाणी लागलं. मी त्यातलं ओंजळभर प्यालो. जरा मचूळ होतं, पण माझ्या डोक्यात घरामागचा माळ फिरू लागला होता. पुढं वर्षभर मी जिथं जाईन तिथं जमीन उकरून बघायचो. मूठभर वाळू घ्यायची, दाबायची, सोडायची. पलटणीत माझं नावच 'मातीवाला' पडलं.

लढाई संपली, सुट्टी झाली. मोटारीतून फाट्यावर उतरलो तेव्हा सकाळची वेळ होती. माणसानं चार वर्षांनी घरी यावं तर सरळ घरी जावं. मी मात्र वळकटी खांद्यावर टाकून आधी डोंगर चढलो. छाती फुटायला आलेली. वर पोचून वळून बघितलं आणि ओरडलोच. तेच सूप! तीच पाखडणी! लहानपणापासून ज्या माळावर मेंढरामागं फिरलो तो माळ मी पहिल्यांदा बघत होतो.

खाली आबा, माझे वडील, मेंढरं चारत होते. डोंगरावर खाकी कपड्यातला कुणी हात उडवत नाचतोय हे बघून त्यांनी कपाळावर हात धरला आणि हाक दिली, "कोण हाय रं त्यो येडा?"

"आबा, म्या हाय! पाणी हाय आपल्या माळात!"

पोरगं लढाईतून जिवंत आलं म्हणून आबांनी मला छातीशी धरलं, आणि लगेच दूर करून नीट न्याहाळलं. डोकं ठिकाणावर आहे का, हे बघत असणार.

वस्तीची विहीर घळीच्या तोंडाशीच होती. संक्रांत झाली की तळ दिसायचा आणि बायका पार पुढच्या गावाच्या नदीत झरे उकरायला जायच्या. माझी कारभारीणही त्यातलीच. मी सांगू लागलो की नवी विहीर खाली, बाभळींच्या पट्ट्यात काढायची, तेव्हा आबा म्हणाले, "पाणी डोंगरात आस्तं लेका. खाली काय हाय? वाळू."

"आवं आबा, डोंगरातलं पाणीच वाळूतनं खाली येतंय."

"तुला दिसलं?"

दिसलं नव्हतं. पण ते दिसायची संधी त्याच वर्षी परतीच्या पावसात आली. दुपारी डोंगरावर काळंकुट्ट भरून आलं आणि तासाभरात घळीतून धो धो आवाज. मी पळालो. माझ्यामागं आबा, धोतराचा काचा मारून, हातात काठी. साठीचा माणूस माझ्या बरोबरीनं धावत होता! ओढा घळीतून तांबडा लाल उसळत आला, धोंडे एकमेकांवर आपटत होते. बाहेर पडला आणि पसरला. एकाचे पाच फाटे झाले, पाचाचे दहा. आम्ही एका फाट्याच्या तोंडाबरोबर चालू लागलो. पाणी पुढं सरकत होतं, पण दर पावलाला बारीक होत होतं. खड्यांतून बुडबुडे फुटत होते, चुलीवरच्या आमटीसारखा आवाज येत होता. आणि आमच्या डोळ्यांदेखत, एका बोरीच्या झुडपापाशी, ते थांबलं. मातकट फेसाची एक रेघ राहिली, बस्स.

आबा खाली बसले. तळहात वाळूवर ठेवला. "पिऊन टाकलं की रं सगळं," ते म्हणाले. मग एकदम उठले आणि म्हणाले, "चल. तुला एक जागा दावतो."

त्यांनी मला बाभळींच्या पट्ट्यातच नेलं. तिथं हातरुमालाएवढ्या दोन-चार जागी हरळी होती. "ही वैशाखात बी हिरवी आस्ती. आन् उनाचं मेंढरू हितंच येऊन बसतं. सावली न्हाई, काय न्हाई, तरी बसतं. जमीन गार आस्ती म्हून. मला ठावं हुतं, पण ते पाणी आसंल आसं कवा वाटलंच न्हाई."

चार वर्षं लढाईत शिकलो ते आबांच्या मेंढरांना आधीच माहीत होतं! मी तिथंच कुदळीनं खूण केली.

सुगी आटोपल्यावर खणायला घेतलं. आबा, मी आणि कारभारीण. मला घाई फार. मोर्चा खणायची सवय, कडा उभ्या सरळ कापायच्या. वरचे गोटे निघाले, मग खडीचा थर, मग बारीक वाळूचा, पुन्हा खडीचा. एकेक थर म्हणजे कधीतरी आलेला एकेक पूर. मी थर मोजत, ओरडून सांगत खाली चाललो होतो. दीड परस, म्हणजे दीड माणूसभर खाली गेलो असेन, नसेन, आणि बाजू सळसळली. कमरेपर्यंत गाडला गेलो. पाय हलेनात. कारभारणीनं पदर खोचला, ढासळलेल्या बाजूनं खाली उतरून हातांनी वाळू उपसली आणि आबांनी दोर टाकून मला ओढलं. बाहेर आल्यावर सुपानं वाळू पाखडावी तशी माझी पाठ तिनं जोरात झाडली.

आबा मला जवळच्या एका भुसभुशीत जागी घेऊन गेले. तिथं मुंग्या धरणाऱ्या किड्यानं नरसाळ्यासारखा खड्डा केला होता. काठीच्या टोकानं दाखवत म्हणाले, "त्येचा खड्डा ढासळतोय का?"

"न्हाई."

"त्यो उभा खणत न्हाई. वाळूला जेवढं निजायचं तेवढं निजू देतो. तू पलटणीतला, त्यो हितला."

मग आम्ही तोंड तिप्पट रुंद केलं आणि उतरत्या कडा ठेवल्या. काम तिप्पट झालं, पण पुन्हा काही घसरलं नाही. खाली चुनखडीचा पांढरा कडक थर लागला. तो फोडायला पाच दिवस. टिकावाच्या ठिणग्या उडत. आबा म्हणाले, संपलं, खडक लागला. मी म्हणालो, असा थर मी तिकडंही फोडलाय, हा खडक नव्हे. पण आतून मीही धास्तावलो होतो.

सहाव्या दिवशी थर फुटला. खालची माती मी पाटीत भरून वर दिली. वर कारभारीण पाटी रिकामी करायची. ती पाटी घेऊन तशीच उभी राहिली.

"आवं," ती म्हणाली, "ही माती मुठीत ऱ्हातीया."

"काय?"

"इतकं दिस मूठ उघडली की सगळं पडायचं. ह्येचा लाडू झालाय बघा!"

मी वाकून हात लावला. गार. तळहाताला ओल. मग टिकावाच्या खड्ड्यात एक ठिपका चकाकला, तो वाटीएवढा झाला. मी खालून ओरडत होतो, आबा वरून ओरडत होते, आणि कुणाला कुणाचं कळत नव्हतं. कारभारीण उतरत्या कडेवरून बसूनच घसरत खाली आली आणि तिनं आधी चूळ भरली, मग घोट घेतला.

"गोड हाय," म्हणाली. "जरा मचूळ, पण गोड हाय."

रात्रीतून गुडघाभर पाणी चढलं. त्या उन्हाळ्यात वस्तीच्या बायका नदीला गेल्या नाहीत. पाणी लागलं म्हणून ऊस काही कधी झाला नाही. ती जमीन पाणी धरत नाही, कितीही पाजा. पण विहिरीखालच्या बारीक मातीत वांगी आणि मिरची इतकी आली की बाजारात नेऊ लागलो. पुढं आणखी तिघांनी विहिरी खणल्या. दोघांनी त्याच पट्ट्यात खणलं, त्यांना पाणी लागलं. तिसऱ्यानं आमचं न ऐकता वरच्या बाजूला खणलं आणि सात परस कोरडी वाळू काढली.

आबा आता पाणी बघायला आसपासच्या वस्त्यांवर जाऊ लागले. काठी घेऊन माळ चालायचे, मूठभर वाळू उचलायचे, दाबायचे, सोडायचे आणि गंभीरपणे सांगायचे, "ह्ये सूप हाय सूप. वर धोंडं, खाली पीठ. खाली खणा." कुणी विचारलं, हे कुठं शिकलात, तर म्हणायचे, "मेंढरामागं." मी शेजारीच उभा असायचो. मला हसू यायचं, आणि ते दाखवतील तिथं मी कुदळीनं खूण करायचो.