ज्येष्ठा कुणाच्या हाती

देवीवर माझा कधीच राग नव्हता. राग होता तो धाकट्या जावेवर, मंदावर, आणि तिच्यापायी त्या वर्षी मी देवीशीही नीट बोलत नव्हते. आमच्या घराण्यात महालक्ष्म्या थोरल्या मुलाकडे बसतात. भाद्रपदात ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोघी बहिणी येतात, तेव्हा थोरल्या सुनेने ज्येष्ठेचा मुखवटा हातात घ्यायचा, धाकटीने कनिष्ठेचा, आणि दारापासून देवघरापर्यंत काढलेल्या कुंकवाच्या पावलांवरून त्यांना आत आणायचं. नुसतं चालत नाही, प्रत्येक पावलाशी वाकून मुखवटा तिथे टेकवायचा, मग पुढचं पाऊल. सासूबाई गेल्यापासून ज्येष्ठा माझ्या हाती होती. माझं स्वतःचं म्हणावं असं त्या घरात तेवढंच होतं, असं मला वाटायचं.

ती दुष्काळाची वर्षं होती. शहर बायपासच्या पलीकडे सुसाट पसरत होतं, काल ज्वारी होती तिथे आज इमारत, आणि नळ मात्र कुठेच पोचलेला नव्हता. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. टँकर आला की आम्ही बायका कॅन भरून जिना चढायचो. मी भरलेला कॅन एकाच हाताने उचलायची, उजव्या बाजूला झुकून, कारण दुसऱ्या हाताने कठडा धरायचा असायचा. दुसऱ्या उन्हाळ्यात कंबर धरली आणि मागोमाग गुडघे. मंदाचं मात्र रो-हाऊस, तळमजला, दारात बोअर. ती अंगणात तुळशीला पाणी घालताना दिसली की मी तोंड फिरवायची. तिच्या पाण्याचा हेवा, तिच्या अंगणाचा हेवा, आणि सगळ्यांत जास्त हेवा तिच्या पाठीचा. भजनाला ती दोन-दोन तास मांडी घालून ताठ बसायची, आणि मी मागे भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्चीवर.

तिचाही खांदा एकदा आखडला होता. शहागंजातल्या ज्या डॉक्टरांकडे तिला गुण आला, तिथेच ती मला घेऊन गेली. तिथल्या मॅडमनी औषधं थोडी आणि व्यायाम जास्त सांगितले. उताणं पडून गुडघे वाकवायचे, उठताना कुशीवर वळायचं, वाकताना खुब्यातून वाकायचं, ओझं दोन हातांत वाटून घ्यायचं. मंदा शेजारी बसून मान डोलवत होती, “हो ना ताई, मी पण असंच केलं.” तिथेच माझं मन उतरलं. तिने केलेलं मी करायचं? घरी येऊन मी एकही व्यायाम केला नाही. लेप लावले, पट्टा बांधला, आणि कण्हत राहिले.

श्रावण लागला तशी एके दिवशी भाऊजी, म्हणजे मंदाचे यजमान, आमच्याकडे चहाला आले. अगदी सहज म्हणाले, “वहिनींना झेपत नसलं तर महालक्ष्म्या यंदापासून आमच्याकडं बसवू की. पाणी बी हाय, जागा बी हाय.” ह्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मंदा खाली मान घालून कपबशा गोळा करत होती, पण तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मला दिसला. निदान मला तसं वाटलं. देवी एकदा हलली की परत येत नाही. मी तो सगळा दिवस स्वयंपाकघरात भांडी आदळत काढला.

श्रावणातल्या एका शनिवारी सकाळी आम्ही दोघं जीपने खुलताबादला भद्रा मारुतीला गेलो. तिथे मारुती झोपलेला आहे, उभा नाही. लहानपणापासून पाहिलेली मूर्ती, पण त्या दिवशी तिच्यावरही माझं लक्ष नव्हतं. रुईची माळ वाहिली, तेल दिलं आणि मनात एवढंच म्हटलं, तिच्या हाती जाऊ देऊ नकोस. दर्शन झाल्यावर हे परतीची जीप पाहायला गेले आणि मी सभामंडपात जरा टेकले. उठायला गेले तर कंबरेतून अशी कळ निघाली की डोळ्यांपुढे अंधारी आली. उठताही येईना, बसताही येईना. माणसं मला वळसा घालून जात होती.

तेवढ्यात एक जाडजूड बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. पांढरी वेणी, सुती साडी, हातातल्या पिशवीत कॅनव्हासचे बूट. “काय झालं हो? कंबर धरली का?” मी मान हलवली. “मग उठायलात कशाला? निजा.”

“इथं? देवासमोर?” मी म्हणाले.

“देव काय करायलाय ते बघा की,” त्या म्हणाल्या.

मी पाहिलं. मारुतीराया शेंदूर ल्यालेला, निवांत आडवा. कळ सोसत सोसत मला हसू आलं. बाईंनी मला हळूच आडवं केलं, गुडघे वाकवून तळपाय फरशीवर टेकवले. एक पुजारी पुढे आला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं. “कंबरेखालची पोकळी जमिनीला लागू द्या. दाबू नका. श्वास सोडला की आपोआप टेकंल.” माझी पाठ मात्र लाकडासारखी ताठ. त्या वैतागल्या. “काय धरून ठेवलंय एवढं? सोडा की!”

काय धरून ठेवलं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. मंदाचा चेहरा, तिचं अंगण, तिचा बोअर. फरशी गार होती. एका श्वासाला काय झालं ते मला सांगता येणार नाही, पण कंबर टेकली आणि त्याबरोबर डोळ्यांतून पाणी कानात ओघळायला लागलं. ते पाणी पुसायचंही मला सुचलं नाही.

बाई सोयगावच्या शाळेत कवायत शिकवायच्या, निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी मला कुशीवर वळवून, हात टेकवून बसतं केलं. मग मी महालक्ष्म्यांचं सांगितलं तेव्हा तिथेच वाकायला शिकवलं. “कंबरेतून नाय वाकायचं, खुब्यातून. बूड मागं, पाठ सरळ, गुडघा सैल. डॉक्टरनं नव्हतं सांगितलं?”

“सांगितलं होतं.”

“मग?”

मला खोटं सुचेना. “जाऊ शेजारी बसली होती,” मी म्हणाले.

त्या मोठ्याने हसल्या. “तुम्ही व्यायाम नाय केला तर जावेची कंबर दुखंल व्हय?”

अशा वेळी भेटलेली माणसं पुन्हा दिसली नाहीत असं लोक सांगतात. माझ्या बाई दिसल्या. बाहेर जीपच्या पुढच्या सीटसाठी ड्रायव्हरशी कडाकडा भांडत होत्या, मला पाहून त्यांनी हात केला. नाव विचारायचं राहून गेलं. त्यांना कुणी पाठवलं होतं की त्या आपल्या शनिवारच्या दर्शनाला आल्या होत्या, यावर मी वाद घालत नाही. तेच व्यायाम मॅडमनी मंदासमोर सांगितले होते तेव्हा कानात शिरले नव्हते, एवढं मात्र खरं.

दुसऱ्या दिवसापासून टँकरचा भोंगा वाजायच्या आत मी सतरंजीवर असायची. मॅडमकडे पुन्हा गेले, एकटीच. कॅन अर्धे भरून दोन हातांत घ्यायला लागले, खेपा वाढल्या पण कंबर कुरकुरेनाशी झाली. दुखणं एकदम गेलं नाही, कधी कमी, कधी पुन्हा तसंच. आणि खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या मनात भक्ती फार नव्हती. प्रत्येक वेळी वाकताना मंदाचा पडलेला चेहरा मी डोळ्यांसमोर आणायची, आणि त्या जोरावर आणखी एकदा वाकायची.

महालक्ष्म्यांच्या संध्याकाळी सगळे आमच्याकडे जमले. मी दारात ज्येष्ठा घेऊन, मागे मंदा कनिष्ठा घेऊन. आतून नणंदेने विचारलं, “कोण आलं?” मी म्हणाले, “महालक्ष्मी आली.” “कशाच्या पावलांनी आली?” “सोन्याच्या पावलांनी.” बूड मागे, पाठ सरळ, गुडघा सैल. एकेक पाऊल करत बैठकीतून, स्वयंपाकघरातून देवघरापर्यंत पोचले आणि एकदाही थांबले नाही. भाऊजी म्हणाले, “वहिनी तर पोरीवानी वाकायल्यात.” मी मागे वळून मंदाकडे पाहिलं. त्यासाठीच तर सगळी मेहनत होती. तिचे डोळे भरलेले होते.

आरती झाल्यावर आम्ही दोघीच उद्याच्या नैवेद्याचं पुरण पाट्यावर वाटत बसलो होतो. ती एकाएकी म्हणाली, “ताई, रागावू नका. मी देवीला म्हणलं होतं, यंदा ताईंची कंबर नाय बरी झाली तरी चालंल. मला लई हव्या होत्या हो महालक्ष्म्या. माझ्या घरी कुणी असं येतच नाय.”

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट इतकं हलकं वाटलं की मीही बोलून गेले, “आणि मी रोज म्हणत होते, तुझा बोअर आटू दे.”

“आटला की,” मंदा म्हणाली. “श्रावणातच आटला. ह्यांनी कुणाला सांगू दिलं नाय. आता आम्हीबी टँकरच बोलवायलोत.”

माझा हात पाट्यावरच थांबला. त्या भागातले सगळेच बोअर त्या वर्षी कोरडे पडले होते, माझ्या म्हणण्याने नव्हे, हे मला कळत होतं. तरी अंगावर काटा आला. एका घरातल्या दोन सुना एकाच देवीपुढे हात जोडून एकमेकींचं वाईट मागत होत्या आणि ती बिचारी दोघींचं ऐकून घेत होती. माझ्या पाठीला देवीने वाकायला शिकवलं ते काय मंदाला खाली पाहायला लावण्यासाठी? मी पुरणाचे हात तसेच घेऊन मंदाला जवळ घेतलं. म्हणाले, “देवी हलवायची नाही. पण पुढल्या वर्षी ज्येष्ठा तू घे. मी तुझ्या मागं कनिष्ठा घेईन.” ती नको नको म्हणत राहिली आणि रडत राहिली.

बोलणं सोपं होतं. वर्षभर ते मला टोचत राहिलं. हेवा माझ्यात अजून आहे, तो गेला असं लिहिलं तर खोटं होईल. रोज सकाळी सतरंजीवर पाठ टेकते तेव्हा तोही थोडा खाली सोडता येतो, आणि एवढं जमतं याबद्दल मी देवीचे, मारुतीरायाचे आणि त्या भांडकुदळ बाईंचे आभार मानते.

पुढच्या भाद्रपदात मंदा दारात ज्येष्ठा घेऊन उभी राहिली आणि मी तिच्या मागे. आतून नणंदेने विचारलं, “कोण आलं?” मंदा हातातल्या मुखवट्याकडेच पाहत राहिली. सवयीने उत्तर माझ्या ओठांवर आलं. ते मी गिळलं. मुखवटा एका हातावर पेलून दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवला. सगळे थांबले. मग अगदी बारीक आवाजात मंदा म्हणाली, “महालक्ष्मी आली.” आणि इतकी वर्षं तेच म्हणत आलेल्या मला पहिल्यांदाच वाटलं, की खरंच कुणीतरी आलं.