सव्हानाचं स्थळ

मला अमेरिकेचं स्थळ आलं, तेव्हा मुलाच्या आधी त्याच्या गावची प्रेक्षणीय स्थळं आमच्या घरी येऊन पोहोचली.

आम्ही मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर राहायचो आणि तळमजल्यावर एक मावशी राहायच्या. अख्खी बिल्डिंग त्यांना मावशी म्हणायची, पण खरा भाचा एकच. तो अमेरिकेत इंजिनिअर, दक्षिणेकडे सव्हाना नावाचं शहर आहे तिथे. दिवाळीनंतर तीन आठवडे येणार, मुली बघणार आणि परत जायच्या आत पक्कं करणार, असा त्याचा बेत. मावशींनी मला सुचवलं. मी सव्वीस वर्षांची, घाटकोपरला शाळेत शिकवत होते, आणि तोवर पाच जण आमच्याकडे पोहे खाऊन गेले होते. आईनं मुलाचा फोटो मागितला, तर मावशींनी जाडजूड अल्बमच आणून दिला.

रात्रीची जेवणं उरकून आम्ही तिघं अल्बम घेऊन बसलो. पहिल्या फोटोत हे भलंमोठं कारंजं आणि त्याच्या कडेला खसखशीएवढा एक माणूस. दुसऱ्यात दीपगृह, ते वरच्या दिव्यापर्यंत सबंध आलेलं, माणसाचे मात्र गुडघ्याखाली पाय गायब. तिसऱ्यात विटांचा किल्ला, आणि माणसाच्या जागी फोटो काढणाऱ्याचं बोट. आईनं बाबांचं भिंग आणलं. "नाक कसं आहे काही कळत नाही गं," ती म्हणाली.

"अगं, स्थळं सगळी दिसतायत, स्थळ तेवढं दिसत नाहीये," मी म्हटलं.

पुढे बागाच बागा. त्या गावात म्हणे चार गल्ल्या ओलांडल्या की एक चौकोनी बाग लागते, आणि तिथल्या झाडांवरून करड्या शेवाळासारखं काहीतरी लोंबत असतं. "एवढा श्रीमंत देश, आणि जळमटं काढायला माणूस मिळत नाही?" आई म्हणाली. मग एक जुनं घर आलं. फोटोच्या मागे त्यानं स्वच्छ मराठीत लिहिलं होतं, 'दीडशे वर्षांपूर्वीचं स्वयंपाकघर. आत जायला तिकीट.' आई हरखलीच. "चूल बघायला तिकीट? माझ्या माहेरी पाठवा त्यांना, फुकट दाखवते. वर भाकऱ्या थापून घेते."

बाबांचं दुखणं वेगळं. ते गिरणीतून सुटून भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअरला लागले होते, पण जीव इतिहासात. दीडशे हा आकडा ऐकून ते पेटले, आणि बाबा पेटले की थेट मालवणीत शिरायचे. "दीडशे? आमच्या गोठ्याचो चिरो ह्येच्यापेक्षा जुनो आसा!" त्यात पुढच्या पानावर शेवाळ लोंबणाऱ्या झाडांखाली ओळीनं थडगी निघाली. तेही तिथलं बघण्यासारखं ठिकाण. "स्मशानात उभो रवान फोटो काढता आणि मुलीच्या बापाक पाठवता? वाट लागली!"

त्या भरात त्यांनी जाहीर केलं की घरात बसून पोहे नकोत, पोराला कान्हेरीच्या लेण्यांना न्यायचं. जुनं म्हणजे काय असतं ते कळू दे एकदा. मावशीही लगेच तयार झाल्या. मी मनातल्या मनात नकार तयारच ठेवला होता. माझी नोकरी नुकती कायम झाली होती, आणि जळमटांच्या गावाला जायची मला हौस नव्हती. म्हटलं, सहल तर झकास होईल.

रविवारी आम्ही चौघं बोरिवलीला उद्यानाच्या दाराशी पोहोचलो तर तो आधीच येऊन थांबलेला. नाक चांगलं होतं. सरळ, जरासं मोठं. आईनं मला कोपरानं ढोसलं. आत लेण्यांच्या पायऱ्यांशी मावशींना सांभाळून चढा म्हणत त्यानं त्यांची पिशवी घेतली, मग आईचीही घेतली. त्या पिशवीत डबाभर कांदेपोहे होते. बाबांनी कितीही ठिकाण बदललं तरी आईनं कार्यक्रम बदलला नव्हता.

बाबा वर सुटलेच. हा चैत्य, हे विहार, ही पाण्याची टाकी, हे भिक्षूंचं दगडी अंथरूण. एकाच डोंगरात शंभर गुंफा! प्रत्येक ठिकाणी थांबून विचारायचे, "हे किती जुनं असेल, सांगा बघू?" तो बिचारा म्हणायचा, "किती, काका?" मग बाबा दोन हजार असं म्हणायचे, की जणू ती लेणी आमच्याच खापरपणजोबांनी छिन्नी घेऊन खोदली. तो मान डोलवायचा. एका गुंफेत तर बाबांच्या सांगण्यावरून त्या दगडी अंथरुणावर आडवाही झाला. "गार आहे हो," म्हणाला, आणि बाबा धन्य झाले.

पोहे गार झाले होते, तरी त्यानं दोनदा मागून घेतले. मग मावशी मोठ्यांदा म्हणाल्या, "आम्ही जरा टेकतो बाई, तुम्ही दोघं वर जाऊन या." आम्ही दोघं वरच्या कातळावर जाऊन बसलो. खाली सगळीकडे जंगल, आणि एक बाई काकडीला तिखट-मीठ लावून विकत होती. त्यानं दोन घेतल्या.

"एक सांगू?" तो म्हणाला. "मी इथे आधी आलोय. सहावीत असताना शाळेची सहल आली होती. दोन हजार हा आकडा मला पाठ आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"काका इतके रंगात आले होते. तुम्हीही सांगू नका हं त्यांना."

मनात तयार ठेवलेला माझा नकार तिथेच ढिला पडला. लपवायचं कशाला, मला तो आवडला. आणि मला कोणी आवडलं की माझी जीभ जास्तच सुटते, हा माझा जुना रोग. मी अल्बमवर घसरले. म्हटलं, "तुमचे फोटो काढतं तरी कोण? एकालाही धड येत नाही."

तो हसला. मग काकडीकडे बघत म्हणाला, "रस्त्यानं जो जात असेल तो. आठवडाभर ऑफिस असतं. शनिवार-रविवार खोलीत फोनसुद्धा वाजत नाही. म्हणून मी निघतो, एखादी बाग, एखादा किल्ला. कुणाला तरी म्हणतो, जरा फोटो काढता का? मग ते विचारतात, कुठला तू? दोन वाक्यं बोलणं होतं. एका आजीबाईंनी तर सहा काढले. खरं म्हणजे मला फोटो नको असतात. आता सगळी ठिकाणं बघून संपली, तर परत पहिल्यापासून सुरू केलीत."

इथे गप्प बसायचं असतं, हे आज मला कळतं. तेव्हा मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि ते दिसू नये म्हणून मी फाडकन म्हणाले, "मग तुम्हाला बायको कशाला हवी? कॅमेऱ्याचा स्टँड घ्या एक. स्वस्तात पडेल!" आणि स्वतःच खो-खो हसले.

तोही हसला, पण जरा उशिरानं. "बरोबर आहे," म्हणाला. मग त्यानं गळ्यातला कॅमेरा पिशवीत घातला आणि म्हणाला, खाली सगळे वाट बघत असतील. उतरताना सगळा वेळ तो बाबांबरोबर होता.

घरी आल्यावर मी आईला म्हटलं, आपला होकार कळव. आई बघतच राहिली. बाबा म्हणाले, "पोरगा चांगला आसा. ऐकून घेता." त्याच संध्याकाळी आई खाली जाऊन सांगून आली.

पाच दिवस मी शाळेतून आले की आधी आईचं तोंड बघायची. सहाव्या दिवशी मावशी वर आल्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या, चहा नको म्हणाल्या. "पत्रिका जमत नाही हो," एवढं सांगून गेल्या.

"कुठली पत्रिका?" मी आईला म्हटलं. "त्यांनी मागितली नाही, आपण दिली नाही!"

"अगं, तसंच म्हणायचं असतं," आई म्हणाली. "डोंबिवलीच्या मुलाला आपण काय कळवलं होतं? हेच ना?"

मला राहवेना. नुसती चेष्टा होती हो ती, एवढंच मावशींना सांगावं म्हणून तीन जिने उतरले. त्यांनी दार उघडलं, "काय गं?" म्हणाल्या, आणि माझ्या तोंडून निघालं, "विरजण आहे का थोडं?"

त्यांनी वाटीत विरजण काढलं. वाटी माझ्या हातात देता देता म्हणाल्या, "तुला वाईट वाटू देऊ नकोस. मुलगी चांगली आहे म्हणाला. पण म्हणाला, मावशी, जे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं, आणि ती हसली गं."

मी वाटी घेऊन वर आले. आई म्हणाली, "घरात विरजण असताना हे कशाला आणलंस?" एरवी मी तिला सतरा उत्तरं दिली असती. त्या दिवशी ओट्यापाशी उभी राहून रडले, आणि वाटी सांडायला लागली तशी आईनं ती हळूच माझ्या हातातून काढून घेतली.