शांतम्मा आत्याची राखण

माझी आत्या शांतम्मा पाण्याला हपापलेली बाई. तामलवाडीच्या तळ्यात एकदा उतरली की बाहेर यायचं नाव काढायची न्हाय. चाळिशी उलटली, कुंकू पुसलं गेलं, तरी पोहायचं काही सुटलं न्हाय. लोक नावं ठेवायचे. ठेवू दे, त्यांच्या बापाचं काय जातं!

एकसष्ट साली अप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, समुद्र बघायचा घाट घातला. मुनवर ड्रायव्हरचा ट्रक ठरला, रत्नागिरीला जायचं ठरलं. आत्या नुसती हरखली. कडक भाकरी काय थापल्या, शेंगदाण्याची चटणी काय कुटली, विचारू नका. आणि निघायच्या दिवशी अप्पांनी फर्मान काढलं, शांतम्मानं समुद्रात पाऊल घालायचं न्हाय. आम्ही लिंगायत, आमच्यात गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं. ते हरवणं म्हणजे जीवच जाणं. लाटेनं डबी ओढून नेली तर, हे अप्पांचं म्हणणं. अहो, मग बाकीच्यांच्या गळ्यात काय वांगी होती? पण थोरल्या भावापुढं बोलायची सोय न्हवती. आत्याचं तोंड एवढंसं झालं, आणि मला अप्पांचा असा राग आला म्हणता!

किनाऱ्यावर पोचलो आणि सगळ्यांना येडच लागलं. एरवी गंभीर असणारा मुनवर वाळूत गाढवासारखा लोळला. अप्पांनी सामानाला जागा निवडली ती पाण्याजवळची, सारवलेल्या अंगणासारखी सपाट, गार, ओलसर. आमचं तळं एकदा मागं हटलं की पाऊस पडेपर्यंत पुढं येत न्हाय. समुद्र रोजच्या रोज उठून परत येतो, हे आमच्यात कुणाला ठाऊक? भाकरीची गाठोडी, चपला, सगळं तिथं ठेवलं आणि राखणीला आत्याला बसवलं. आम्ही पलीकडं पाण्यात दंगा घालायला लागलो.

थोड्या वेळानं पाणी आत्याच्या पायाच्या बोटांना लागलं. ती हलली न्हाय. मग लुगड्याचा काठ भिजला. तरी न्हाय. डबी मुठीत धरून बसली आणि गालातल्या गालात हसायला लागली. भाकरी तरंगल्या, चटणी गेली, चपला निघाल्या. अप्पा बोंबलत पळत आले, ऊठ म्हणून.

आत्या शांतपणे म्हणाली, "अण्णा, तुम्हीच बसवलं न्हवं हितं? म्या कुठं गेले न्हाय."

तेवढ्यात मागून लाट आली आणि अप्पांना तिच्या शेजारी धप्पकन बसवलं. पटका गेला. अप्पा खोकत छाती चाचपायला लागले. डबी होती. आत्याचीही होती. आम्ही हसून हसून पाण्यात पडलो. आत्याला तर हसू आवरेना, हसता हसता रडायलाच लागली. तिचा नवरा वारल्यापासून तिला असं हसताना कुणी बघितलं न्हवतं. अप्पा तिच्याकडं बघतच राहिले.

मग त्यांनी तिच्या डबीच्या दोरीला आणखी एक गाठ मारली, ओढून बघितली आणि तिचा हात धरून उठले. दोघं आत निघाले, गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. मी मागंच होते, म्हणून ऐकू आलं.

"हात सोडू नको, शांते," अप्पा म्हणाले. "मला पवता येत न्हाय."

पुढं मुनवर हॉर्न वाजवून वाजवून थकला, पण आत्यानं काही हात सोडला न्हाय.